वाट कुठून मोजायची?

वाशीमच्या बसस्थानकावर ‘मालेगावची गाडी कधी?’ असं विचारलं, की जिल्ह्यातल्याच मालेगावची वेळ कळते. हेच नाशकात विचारलं, तर गाडी भलत्याच मालेगावला नेते. नाव तेच, पण विचारणारा कुठे उभा आहे, त्यावर गाव ठरतं. वेबसाइट बांधायला शिकणाऱ्यांची एक हमखास चूक नेमकी इथेच होते.

साइटच्या प्रत्येक पानावर वरची पट्टी आणि मेनू सारखेच असतात. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवून पीएचपीसारख्या भाषेत ‘इन्क्लूड’ या आज्ञेने पानात आणून बसवतात. फाइलपर्यंत नेणारी वाट म्हणजे पाथ. त्यात ‘../’ म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’. पण वर कुठून?

समजा, मुख्य फोल्डरमध्ये ‘इंडेक्स’ हे पान आणि ‘कॉन्फिग’ ही फाइल आहे. आतल्या ‘भाग’ फोल्डरमध्ये ‘हेडर’ आहे. हेडरला कॉन्फिग हवी, म्हणून त्यात ‘../कॉन्फिग’ लिहिलं. हेडरच्या जागेवरून पाहिलं तर वाट बिनचूक. पण इंडेक्सने हेडर आत घेतलं, की पीएचपी ही वाट हेडरपासून मोजत नाही. ती चालू फोल्डरपासून मोजते, आणि वेब सर्व्हरवर ते सहसा मागवलेल्या पानाचं फोल्डर असतं. म्हणून शोध मुख्य फोल्डरच्याही वर जातो. तिथे कॉन्फिग नसतेच.

यावर उपाय 2009 सालच्या पीएचपी 5.3 पासून सोपा झाला. ‘__डिर__’ हा स्थिरांक ज्या फाइलमध्ये लिहिला, तिचंच फोल्डर सांगतो. तिला कोणीही बोलावलेलं असो. वाट त्याला जोडली, की मोजणीचा आरंभ पक्का होतो.

चित्रांचं मात्र वेगळं. ती ब्राउझर शोधतो आणि वाट पानाच्या वेबपत्त्यावरून मोजतो. सुरुवातीची तिरकी रेघ ब्राउझरला साइटच्या मुळाशी नेते, तर लिनक्स सर्व्हरवरच्या पीएचपीला डिस्कच्या मुळाशी.

आरंभबिंदूचं हे महत्त्व वाशीमला फार जुनं आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांची एक राजधानी वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवरची ठिकाणं दिली आहेत. त्यांत अवंतीसोबत, म्हणजे उज्जैनसोबत, वत्सगुल्मही आहे. शहरातलं मध्यमेश्वराचं मंदिर याच रेषेशी जोडलं जातं. ग्रहगणित आधी या रेषेसाठी करायचं आणि मग आपलं गाव तिच्या पूर्वेला की पश्चिमेला, किती अंतरावर, ते पाहून ‘देशांतर’ संस्कार, म्हणजे त्या अंतराची दुरुस्ती, द्यायचा, अशी रीत होती. आजच्या मापाने उज्जैन सुमारे 75.8 अंश रेखांशावर, वाशीम 77.1 अंशांवर; म्हणजे रेषा काटेकोर नव्हती. पण कुठून मोजायचं हे सगळ्यांनी आधी ठरवलं होतं, म्हणून एकाचं गणित दुसऱ्याला वापरता येत होतं.

फाइल सापडत नाही, असा संदेश आला की ‘../’ कमीजास्त करत बसू नये. ही वाट कोण मोजतंय आणि कुठून, एवढं आधी विचारावं.