कोऱ्या पानांची कजा नसते

जून महिन्यातली गोष्ट. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते आणि आम्ही सतरंजीवर बसून मुलांच्या वह्यांना खाकी कव्हरे घालत होतो. मागच्या वर्षीच्या उरलेल्या वह्या शोधताना कपाटातून एक दोनशे पानी वही निघाली. ती मुलांची नव्हती, आमची होती. पहिल्या पानावर ऑगस्टची तारीख आणि दोघांची वजने, पुढे सकाळपासून रात्रीपर्यंतचे रोजचे खाणे. शेवटची नोंद रमजानचा चाँद दिसण्याच्या दोन दिवस आधीची होती : ‘रात्री – एक भाकरी, वांग्याचे भरीत, ताक.’ त्यापुढची सगळी पाने कोरी.

वही मिटून आम्ही ती पुन्हा कपाटात ठेवली. कोणीच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहायची हिंमत झाली, तेव्हा कळले की सहा-सात महिन्यांत जे उतरवले होते, ते साडेतीन महिन्यांत जवळजवळ सगळे परत आले होते.

वही का सुरू झाली?

आम्ही दोघे नवरा-बायको, सोलापूरचे, पंचेचाळिशीच्या आसपासचे. एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसऱ्याचे हार्डवेअरचे दुकान आहे. घरात अम्मी आणि तीन मुले. अब्बांना आम्ही साखरेच्या आजारात गमावले. चप्पल लागून अंगठ्याला जखम झाल्याचे निमित्त झाले, ती भरलीच नाही, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्यानंतर दोन वर्षांत ते गेले. म्हणून दुकानवाल्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.८ आली, तेव्हा घरात कोणाला झोप लागली नाही. वजन होते ९१ किलो. डॉक्टर म्हणाले, गोळी देतो, पण आधी काय खाता ते आठवडाभर लिहून आणा. मग मास्तरीणबाईंनीही आपले ७८ किलो त्याच पानावर लिहून टाकले.

हा केवळ आमच्याच घरचा प्रश्न नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्याकडच्या लोकांत पोटाचा घेर वाढला की धोका लवकर सुरू होतो, म्हणून भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर मानली जाते. शिवणाचा टेप प्रत्येक घरात असतो, मोजून पाहावे.

वहीने पहिल्या महिन्यातच आमचे डोळे उघडले. आम्हाला वाटायचे, आपण फार खात नाही. दुकानात मात्र गिऱ्हाईक आले की चहा, माल उतरला की चहा. दिवसाला सहा चहा निघाले. प्रत्येकात दोन लहान चमचे साखर, चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ४८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. शेंगाचटणी आम्ही भाकरीबरोबर ‘तोंडी लावायला’ म्हणून घ्यायचो, तेही तीन-तीन चमचे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असते, याचा विचार कधी केला नव्हता.

शाळेतून येणारीचे दुखणे वेगळे होते. जेवणे मोजकीच, पण मुलांच्या ताटातला उरलेला भात, अर्धी चपाती, बोटी हे सगळे तिच्या पोटात जायचे. रिज्क टाकायचे नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. ती योग्यच आहे, पण त्यावरचा उपाय आईच्या पोटात नसून वाढण्याच्या चमच्यात असतो, हे वहीने शिकवले. मुलांना आधी कमी वाढायचे, लागले तर पुन्हा द्यायचे.

तेलाचा हिशेब सर्वांत सोपा निघाला. पाच लिटरचा डबा उघडला की त्यावर तारीख लिहायची. आमच्या सहा माणसांत तो २४ दिवसांत संपत होता, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ३५ मिलिलिटर. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, त्या हिशेबाने ३०० च्या घरात कॅलरी नुसत्या तेलातून. भाजीवर तरंगणारा तवंग कमी केला, तळण आठवड्यातून एकदाच ठेवले, आणि डबा ३४ दिवस पुरू लागला.

फेब्रुवारीपर्यंत ९१ चे ८४ झाले होते, ७८ चे ७३. साखर ६.९ वर आली होती. २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास दुप्पट उतरले. वहीने आमचेही काम केले होते.

मग ती बंद कशी पडली?

रमजान आला. रोजे असताना खाण्याची नोंद कशाला, असे वाटले. दिवसभर तर उपाशीच असतो! वास्तविक तेव्हाच तिची जास्त गरज होती. इफ्तारला खजूर आणि फळांनी सुरुवात व्हायची, पण हात लगेच भजी-समोशांकडे वळायचा. सरबताचे दोन ग्लास, तरावीहनंतर पुन्हा जेवण, सहरीला तुपाचा पराठा. ईदच्या दिवशी नातेवाइकांच्या आणि शेजारच्या अकरा घरी गेलो. प्रत्येक घरी शीरखुर्मा. ‘आमच्याकडचा नाही खाल्ला?’ असे खालांनी विचारले की नाही म्हणण्याची सोय उरत नाही. पुढे मे महिन्यात चुलत बहिणीचे लग्न आणि जूनच्या सुरुवातीला बकरी ईद, कलेजीपासून पायापर्यंत. प्रत्येक वेळी आम्ही म्हणत होतो, हे एवढे होऊ दे, मग लिहू.

खरे सांगायचे तर वही विसरली नव्हती. तिची लाज वाटत होती. जितकी पाने कोरी राहत होती, तितके तिच्याकडे परत जाणे अवघड होत होते. गृहपाठ न केलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गातच येत नाही, तसे आमचे झाले. अशा मुलाला आम्ही शाळेत नेहमी सांगतो, ‘बाळा, आधी वर्गात तरी ये.’ तेच स्वतःला सांगायला मात्र सुचले नाही.

परतताना केलेल्या दोन चुका

जूनअखेर आम्ही वही पुन्हा बाहेर काढली आणि पहिली चूक केली. मागची पाने आठवून भरायला बसलो. ईदला किती वाट्या? लग्नात बिर्याणी किती? दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि शेवटी भांडण झाले. आठवणीतून लिहिलेले खाणे खरे नसतेच. ‘आम्ही कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या काही लठ्ठ व्यक्तींचे खाणे शास्त्रीय पद्धतीने तपासल्यावर, त्यांनी सरासरी जवळपास निम्मे खाणे सांगितलेच नव्हते, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. ते लोक खोटे बोलत होते असे नव्हे. माणसाला आपले खाणे दिसतच नाही.

दुसरी चूक मोठी होती. गेलेले तीन महिने तीन आठवड्यांत भरून काढायचे ठरवले. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि काकडी, रात्री सूप. वहीत आकडे छान दिसत होते. चौथ्या दिवशी दुपारी दुकानात यांना थंड घाम फुटला, हात थरथरू लागले, समोरच्या माणसाचे बोलणे कळेना. शेजारच्या दुकानदाराने ओळखले आणि साखरेचे पाणी पाजले. साखरेची गोळी चालूच होती आणि पोटात अन्न नव्हते, त्यामुळे रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली गेली होती. डॉक्टर रागावले. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवे, हे त्यांनी आम्हा दोघांकडून वदवून घेतले.

त्या रात्री अम्मी आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी वही हातात घेतली, कोरी पाने उलटली आणि म्हणाल्या, ‘‘रोजा छूटा तो कजा है, नमाज छूटी तो कजा है. खाया सो खाया बेटा, उसकी क्या कजा? आज का लिखो.’’

इतकी साधी गोष्ट आम्हाला चार महिने कळली नव्हती. जे खाल्ले ते खाल्ले. ते उपाशी राहून परत करता येत नाही आणि आठवून पुसताही येत नाही. पुढचा घास मात्र अजून आपल्या हातात आहे. आम्ही कोऱ्या पानांना एक पिन मारली, पुढच्या पानावर तारीख टाकली आणि लिहिले : ‘रात्री – दोन चपात्या, डाळ, अम्मीच्या हातचा एक कप चहा, साखर एक चमचा.’

आता वही कशी चालते?

पहिली गोष्ट, वही कपाटात नसते. फ्रिजच्या वर असते, दोरीने पेन बांधलेले. जेवल्यावर नव्हे, ताट वाढल्यावर लिहायचे. लिहिताना कधी कधी एक चपाती आपोआप डब्यात परत जाते.

दुसरी गोष्ट, पहिले दोन आठवडे काहीही कमी केले नाही. जसे खातो तसे फक्त लिहिले. लिहायची सवय आणि खाण्यातला बदल या दोन्ही गोष्टी एकदम अंगावर घेतल्या की दोन्ही सुटतात.

तिसरी, ग्रॅममध्ये अडकत नाही. वाटी, चमचा, चपाती हीच मापे. एका वाटीत किती भात मावतो ते एकदा मोजून घेतले, तेवढे पुरते. कोणाला आकडे हवेच असतील, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे मोबाइल ॲप आहे, त्यात आपल्याकडचे पदार्थ सापडतात.

चौथी, दावतीचा हिशेब करत नाही. एका थाळात चौघे जेवायला बसले की कोण किती जेवले हे कसे सांगणार? अशा दिवशी ‘दावत, बिर्याणी, एकदाच वाढून घेतली’ एवढेच लिहितो. बरोबर आकडा मिळाला नाही म्हणून ओळच न लिहिणे, हीच सुटण्याची सुरुवात असते.

पाचवी, कोरा दिवस आला तर त्याच्यासाठी जागा सोडत नाही. पुढच्या ओळीवर आजची तारीख. जुलैपासून आजवर आमचे एकोणीस दिवस असे निसटले आहेत. वहीत ते दिसतही नाहीत.

या सगळ्याला दिवसातून दहा-पंधरा मिनिटे लागतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातही यशस्वी लोकांना सहाव्या महिन्यात दिवसाला सरासरी पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ लागत होता. त्यात महत्त्व ठरले ते किती बारकाईने लिहिले याला नव्हे, तर किती वेळा लिहिले याला. थोडे का असेना, पण नियमित केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असते, ही हदीस आपण मुलांना नमाज आणि तिलावतीसाठी सांगतो. ती आम्हाला इथेही उपयोगी पडली.

एक गोष्ट मात्र सावधपणे सांगायची आहे. ऑगस्टमध्ये वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःचे वजन लिहिलेले दिसले, शेजारी ‘डबा नाही खाल्ला’ अशी नोंद. आम्ही हादरलो. ती वाढत्या वयाची, अंगाने सडपातळच. तिला जवळ बसवून समजावले की ही वही औषधाच्या बाटलीसारखी आहे, ज्याची आहे त्यानेच वापरायची. तेव्हापासून मुलांसमोर वजनाचे आकडे बोलत नाही, कोणाच्या जाडीवर थट्टा करत नाही. वाढती मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी अशा नोंदींच्या नादी लागू नये. आणि जिला लिहून लिहून घासच भीतीचा वाटू लागेल, तिने वही बंद करून डॉक्टरांकडे जावे.

आज काटा ८६ आणि ७४ दाखवतो. साखर जुलैत ८.१ होती, आता ७.१ आहे. फेब्रुवारीत जिथे होतो तिथे अजून पोहोचलो नाही. अब्बांचा फोटो समोरच्या भिंतीवर आहे, आणि दर रविवारी यांच्या पायांची बोटे उजेडात तपासणे हे आता घरातल्या झाडलोटीइतके नेमाचे काम झाले आहे.

रमजान पुन्हा दोन महिन्यांवर आला आहे. रोजे ठेवता येतील का आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे विचारायला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. वहीत रोज दोनच ओळी लिहायच्या ठरवल्या आहेत, सहरी आणि इफ्तार. ईदच्या दिवशी फक्त ‘ईद’ असे लिहायचे. आणि दुसऱ्या दिवशी, इन्शाअल्लाह, त्याच्या खालच्या ओळीवर सकाळचा चहा.