सलीवर चालणारं पातं

अंबिया बहाराची तोडणी आटोपली, की वरूड-मोर्शीच्या संत्राबागांमध्ये दुसरं काम निघतं : सल काढायचं. झाडात वाळून राहिलेल्या काड्या म्हणजे सल. फळांचं ओझं, उन्हाळ्यात पडलेला पाण्याचा ताण आणि दाटलेला घेर यांमुळे ती वाढत जाते. फळगळ घडवणाऱ्या बुरशी याच वाळल्या काड्यांवर मुक्काम ठोकतात आणि पावसाळ्यात तिथून फळांच्या देठापर्यंत पोचतात. त्यामुळे फवारणीवर कितीही खर्च केला, तरी सल झाडावर तशीच राहिली तर रोगाचं घर शाबूत राहतं.

ते मोडायला लागणारी हत्यारं मोजकीच आहेत.

पहिलं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. 1815 च्या सुमारास बर्त्रां द मोलव्हिल या फ्रेंच सरदाराने ती घडवली, असं मानलं जातं. तिचे दोन प्रकार आहेत. एकात धारदार पातं दुसऱ्या वाकड्या पात्याला घासून पुढे सरकतं, दुसऱ्यात ते सपाट पट्टीवर आदळतं. सपाट पट्टीची कात्री वाळल्या काडीला चालते, पण ओल्या फांदीची साल चेचते. सल काढताना वाळल्या भागासोबत सुमारे दोन सेंटिमीटर हिरवा भागही घ्यायचा असतो, म्हणून बागेत पहिल्या प्रकारचीच कात्री हवी.

बोटापेक्षा जाड फांदीला आरी लागते. वाकड्या पात्याची घडीची आरी ओढताना कापते. त्यामुळे पातं दुमडत नाही आणि शिडीवर उभ्या माणसाचा तोलही सांभाळला जातो. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप देतात आणि मग वरून कापतात, नाहीतर ती स्वतःच्या वजनाने खोडाची साल सोलत खाली येते. कुऱ्हाडीने हेच काम झटपट होतं, पण मागे फाटका खुंट राहतो आणि त्यात पाणी मुरतं. खोडावरून सरळ वर धावणारे पाणसोट मात्र कोवळे असतानाच हाताने मोडले, तर हत्याराची गरजच पडत नाही.

एका झाडाचा रोग दुसऱ्यावर नेणारंही हेच पातं असतं. म्हणून झाड बदलताना ते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावं लागतं. मोठ्या जखमांवर बोर्डो मलम लावतात : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मलम बरोबर जमलं का, हे पाहायलाही पातंच कामी येतं. त्यात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असं समजायचं.

वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या पन्हेऱ्यांमध्ये हत्यार आणखी लहान होतं. तिथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर सालीत इंग्रजी ‘टी’सारखा काप देऊन त्यात डोळा सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचा. चाकू साल उघडेल पण आतल्या लाकडात शिरणार नाही, एवढी हाताला सवय लागते.

अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या वाडेगाव परिसरात, गोष्ट वेगळी आहे. कागदी लिंबाची रोपं बहुतेक बियांपासूनच होतात, त्यामुळे डोळ्याच्या चाकूला फारसं काम नाही. तिथे काटे आणि खैऱ्या रोग यांच्याशी गाठ असते. पावसाळ्यापूर्वी खैऱ्याच्या फांद्या छाटून जाळतात, म्हणून कात्रीइतकेच हातमोजेही महत्त्वाचे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना 1969) आणि नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, दोन्हीकडे या पिकांवर काम चालतं.

छाटणीच्या हत्यारांचं टोक गाठलं ते जपानी बोन्सायवाल्यांनी. त्यांच्या अंतर्गोल कात्रीचा काप किंचित खोलगट पडतो, त्यामुळे जखम भरल्यावर खोडावर गाठ उरत नाही. संत्र्याच्या झाडाला एवढी नजाकत लागत नाही. फांदी जिथे खोडाला मिळते, तिथल्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापली, की झाड स्वतःच जखम झाकतं.

पुढच्या हंगामाआधी बागायतदारांनी एवढं तरी करावं : सुटं पातं आणि स्प्रिंग मिळेल अशीच कात्री घ्यावी, धार रोज लावावी आणि मजुराच्या हाती कात्री देताना सोबत निर्जंतुक द्रावणाचा डबाही द्यावा.