मेजर कोणता घेऊ, देवा?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, पुढे काय? ख्रिस्ती घरात त्याला आणखी एक शेपूट जोडलेलं असतं, "प्रार्थना केलीस का?"

माझ्या वसईच्या मैत्रिणीने केली होती. तिला भूगर्भशास्त्र घ्यायचं होतं. कारण एकदम साधं होतं. त्यांच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी, जे आजी पूर्वी थेट ओंजळीने प्यायची, ते आता मचूळ लागतं. ते असं का झालं, हे तिला समजून घ्यायचं होतं. पप्पा म्हणाले, बीकॉम कर, बँकेच्या परीक्षा देता येतील. मावशी म्हणाली, नर्सिंग कर, खरी सेवा तीच. आणि गंमत म्हणजे दोघांनीही शेवटी तेच वाक्य जोडलं, "देवाची इच्छा असेल तर." ती मला फोनवर म्हणाली, "अगं, देवाच्या इच्छा तरी किती? माझी धरून तीन झाल्या!"

हे तुमच्याही घरी होत असेल. देवाच्या जागी तिथे पत्रिका असेल, घराण्याचं नाव असेल किंवा शेजारच्या काकांचा पॅकेजवाला मुलगा. पण ख्रिस्ती मुलांची अडचण जरा वेगळी आहे. लहानपणापासून ऐकलेलं असतं की देवाकडे प्रत्येकासाठी एक योजना आहे. मग अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरताना वाटतं, योग्य चौकोन एकच आहे आणि आपण चुकीच्या चौकोनात टिक केली तर संपलंच.

चर्चमध्ये यासाठी एक शब्द आहे, पाचारण. म्हणजे देवाने दिलेली हाक. कितीतरी शतकं हा शब्द मुख्यतः फादर, सिस्टर, संन्यासी यांच्यासाठीच राखून ठेवला गेला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने म्हटलं की चांभाराचं आणि शेतकऱ्याचं कामही पाचारणच आहे. कॅथलिक चर्चनेही 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत हे स्पष्ट केलं, की सामान्य माणसाला त्याच्या रोजच्या कामधंद्यातच बोलावणं असतं. येशू स्वतः सुतार होता, पौल तंबू बनवायचा. त्यामुळे 'नर्सिंग पवित्र आणि भूगर्भशास्त्र नुसतं सायन्स' हे मावशीचं गणित तिच्याच चर्चला मान्य नाही. (हे मावशीला सांगायची हिंमत मात्र अजून कोणाची झालेली नाही.)

आणि तो 'एकच योग्य चौकोन'? त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे बघा. शाळेच्या पुस्तकात त्या विद्वान आणि समाजसुधारक म्हणून भेटतात, पण त्यांचं शिक्षण कसं झालं ते आपल्याला कोणी नीट सांगत नाही. 1883 मध्ये, पंचविशीत, लहान मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं ठरवून. त्याच वर्षी तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद झालं. म्हणजे धर्म बदलण्याइतका मोठा निर्णय घेतला आणि करिअरचा प्लॅन मात्र कोसळला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवलं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेला गेल्या. जी पदवी स्वतःला घेता आली नाही, ती दुसरीला मिळताना बघायला! तिथे त्यांनी बालवाडीची शिक्षणपद्धत शिकून घेतली. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, तेव्हा हे सगळं शिक्षण कामी आलं. पुढे बायबलच्या मराठी भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीकही शिकल्या. त्यांचा मेजर कोणता म्हणायचा? विधवा आणि अनाथ मुली हे काम पक्कं होतं, विषय बदलत गेले.

'प्रार्थना करतोय' म्हणत जे निर्णय पुढे ढकलतात, त्यांच्यासाठी संत इग्नेशियस. जेझुइट संघाचे हे संस्थापक तिशी ओलांडल्यावर बार्सिलोनात लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिन शिकायला बसले. व्याकरण पाठ करायला घेतलं की त्यांच्या मनात सुंदर आध्यात्मिक विचार यायचे. त्यांनी काय निष्कर्ष काढला माहितीये? हा मोह आहे! आणि शिक्षकांना शब्द दिला की यापुढे वर्गात लक्ष देईन. निर्णय कसा घ्यावा यावरही त्यांनी लिहून ठेवलंय. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. अशी कल्पना करा, की तुमच्याच परिस्थितीतला एक अनोळखी माणूस सल्ला मागतोय. त्याला काय सांगाल? करून बघा, भीती बऱ्यापैकी बाजूला होते.

आता पप्पांची बाजू. फी, लोकलचा पास, धाकट्या भावाचं शिक्षण हे काही 'ऐहिक' म्हणून उडवून लावायचे विषय नाहीत. घर चालवणं हीसुद्धा सेवाच आहे. कोणी कर्ज फेडण्यासाठी बीकॉम घेतलं तर त्याचं पाचारण हुकलं, असं मी तरी म्हणणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरसोबत मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह असतात, त्यामुळे एक आवड पूर्ण सोडावी लागेलच असं नाही. कोणत्या कॉलेजात कोणती जोडी मिळते, मेजर नंतर बदलता येतो का, हे प्रवेशाआधी ऑफिसात जाऊन विचारा. सीनिअर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका.

मैत्रिणीने शेवटी पप्पांशी धर्मावर वाद घातलाच नाही. तिने महाराष्ट्र शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माहिती काढली आणि तिथे भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसांचं काम काय असतं, ते कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवलं. मग त्यांना हात धरून विहिरीवर घेऊन गेली आणि पाणी चाखायला लावलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रविवारी मिस्सा संपल्यावर एवढंच म्हणाले, "फॉर्मची शेवटची तारीख काय आहे?"

आता ती रोज सकाळी वसईहून चर्चगेटची लोकल पकडते. बॅगेत डबा असतो आणि अधूनमधून एखादा दगड. नातेवाइकांनी विचारलं की पप्पा अजूनही "सायन्सला आहे" एवढंच सांगतात.