मुलाच्या हाती पहिला चाकू

मे महिना जवळ आला की मुंबई-पुण्याची मुले आजोळी येऊ लागतात आणि आमच्या दवाखान्यातील गर्दीचे रूप बदलते. झाडावरून पडलेला, विंचू चावलेला, कैरीच्या चिकाने ओठ उतलेला, आणि डाव्या हाताला आईच्या पदराचे फडके गुंडाळून आलेला. या शेवटच्याला काय झाले ते विचारावे लागत नाही. कैरी कापत होता.

गेल्या आठवड्यात मात्र ब्लडप्रेशर तपासायला आलेल्या एका आजोबांनी जखम होण्याच्या आधीच प्रश्न विचारला. नातू नऊ वर्षांचा. स्वतःचा, खिशात मावणारा चाकू हवा म्हणून हटून बसलेला. सून अजिबात नको म्हणते. "डॉक्टर, आम्ही त्याच्या वयात कोयती घेऊन बागेत फिरत होतो. देऊ की नको, आणि दिला तर कुठला देऊ?"

मी त्यांना "द्या" म्हणालो. कारण चाकू दिला नाही म्हणून मुलगा कापायचे थांबत नाही. तो पेन्सिलीला दाढीचे अर्धे ब्लेड शोधतो, नाहीतर माळ्यावरचा मूठ हललेला, गंजका चाकू काढतो आणि कोणाला दिसू नये म्हणून घराच्या मागे जाऊन बसतो. मी टाके घातलेल्या मुलांपैकी बहुतेक अशीच, लपून कापणारी होती.

वयाचा आकडा मी सांगत नाही. आठ ते दहा वर्षांत बहुतेक मुलांच्या बोटांना पुरेसे बळ येते, पण खरी परीक्षा वेगळी आहे. "थांब" म्हटल्यावर मूल त्याच क्षणी थांबते का? एका जागी वीस मिनिटे बसून एखादे काम करते का? राग आल्यावर हातातली वस्तू फेकते का? या तीन प्रश्नांची उत्तरे आई-वडिलांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असतात. जाता जाता एक सांगतो. मुलाला चाकू कधी द्यावा हे मला अनेकांनी विचारले, पण नऊ वर्षांच्या मुलीला विळीवर बसवावे का, हे आजवर एकानेही विचारलेले नाही.

शिवाय विळी येते म्हणजे चाकू येईल असे समजू नये. विळीचे पाते एका जागी स्थिर असते आणि आपण वस्तू त्याच्याकडे नेतो. चाकूचे पाते हलते आणि वस्तू धरणारा हात त्याच्या वाटेत येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा कापतो तो डावा हात, आणि त्यातही तर्जनी आणि अंगठा. म्हणून चाकू शिकवायचा म्हणजे मुख्यतः रिकाम्या हाताने कुठे राहायचे ते शिकवायचे.

आता एक जुनी गोष्ट. १९९८ चा मे महिना. माझा दवाखाना नवा होता. दहा वर्षांचा एक मुलगा डाव्या तर्जनीच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने कापून घेऊन आला. घडीचा जुना चाकू, त्याला खटका नव्हता. करवंटीला भोक पाडण्यासाठी त्याने टोक दाबले आणि पाते उलटे मिटून बोटावर आले. जखम जेमतेम अर्धा इंच होती. रक्त थांबले होते. मी धुऊन दोन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, आणि गर्दी होती म्हणून पुढच्या रुग्णाला बोलावले. दहाव्या दिवशी टाके काढताना त्याची आई म्हणाली, "बोट सरळच ठेवतो हो." मी म्हणालो, दुखत असेल, होईल हळूहळू. ते बोट दुखत नव्हते. ते वाकतच नव्हते. त्या अर्ध्या इंचाच्या जखमेखाली बोट वाकवणारा स्नायूबंध तुटला होता आणि मी एकदाही त्याला "बोट वाकव बघू" असे म्हटले नव्हते. दीड महिन्याने मुंबईच्या सर्जनकडे गेला तोवर तुटलेले टोक तळहातात आखडून गेले होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या. बोट आज अर्धेच मिटते. पहिल्या आठवड्यात पाठवला असता तर बहुधा एका शस्त्रक्रियेत भागले असते. चूक त्या चाकूची होती तशी माझीही होती.

म्हणून आजोबांना मी पहिली गोष्ट खटक्याची सांगितली. घडीचा चाकू घ्यायचा तर उघडल्यावर पाते पक्के अडकले पाहिजे. दुकानातच दहा वेळा उघडून मिटून पाहावे. पाते डावी-उजवीकडे डुलत असेल तर तो चाकू परत ठेवावा. मग पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबावी. खटका सुटता कामा नये. ही तपासणी मोठ्याने करावी आणि मुठीच्या खाचेत बोटे ठेवू नयेत. काही खटक्यांत मिटताना अंगठा नेमका पात्याच्या वाटेत ठेवावा लागतो. असा प्रकार लहान मुलाला नको. मुठीच्या पाठीवरचा खटका किंवा फिरवून बंद करायचे कडे बरे. बटण दाबताच उघडणारा, ज्याला आपल्याकडे सरसकट रामपुरी म्हणतात, तो घरातच आणू नये. आणि खिशाचा फार हट्ट नसेल तर म्यानात राहणारा, न मिटणारा आखूड चाकू सर्वांत निर्धोक. तो बोटांवर मिटूच शकत नाही.

पाते मुलाच्या तळहाताच्या रुंदीहून लांब नको. दोन ते अडीच इंच पुष्कळ झाले. टोक बोथट गोलाकार असेल तर उत्तम. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीने खास मुलांसाठी असा गोल टोकाचा चाकू काढलेला आहे. पण त्यासाठी परदेशी माल मागवायला नको. साध्या चाकूचे टोक धारवाल्याकडून चाकावर गोल करून घेता येते. मूठ चारही बोटांत भरेल अशी असावी, गुळगुळीत नसावी. कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, बूच काढायचा स्क्रू अशी दहा हत्यारे असलेला लाल चाकू मुलांना फार आवडतो, पण त्याची पाती नखाने उघडायला बहुधा घट्ट असतात. मग मूल दातांनी उघडते. डावखुऱ्या मुलाला हात बदलायला लावू नका. त्याला डाव्या हाताने सहज उघडता येईल असा चाकू शोधा.

साध्या पोलादाचे पाते कैरीच्या आंबटपणाने काळे पडते आणि आपल्या दमट हवेत चटकन गंजते, पण धार चांगली घेते. स्टेनलेसला निगा कमी लागते. मुलासाठी मी स्टेनलेस सुचवतो.

आणि धार? ती हवीच. "मुलाचा आहे, बोथटच बरा" हे वाक्य मी खूपदा ऐकले आहे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरला की कुठे जाईल याचा भरवसा नसतो. धारदार पाते हलक्या हाताने, जिथे न्यायचे तिथेच जाते. जखम झालीच तर तिच्या कडाही सरळ असतात आणि ती लवकर भरते. निसण्यावर धार लावण्याचे काम मात्र सुरुवातीची दोन-तीन वर्षे आजोबांनीच करावे.

पहिले काम कैरीचे देऊ नये. कैरी गोल, ओलसर, आत टणक कोय. हातात धरून कापताना पाते कोयीवरून घसरते ते थेट तळहातात. सुरुवात नारळाच्या झावळीचे हीर काढण्यापासून करावी. बसून करायचे काम, पाते अंगापासून दूर जाते आणि खराटाही तयार होतो. मग पांगारा किंवा सावरीच्या मऊ लाकडाचा तुकडा द्यावा. कैरी पाटावर ठेवून, आधी एक चकती काढून, ती सपाट बाजू खाली टेकवून कापायला शिकवावी. म्हणजे ती डोलत नाही.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. मांडीवर ठेवून कधीही कापू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. हात लांब करून स्वतःभोवती फिरवावा. त्या वर्तुळात दुसरे कोणी आले की चाकू मिटायचा. चाकू उघडा घेऊन चालायचे नाही. पडू लागला तर झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचे. दुसऱ्याला देताना खाली ठेवायचा आणि त्याने उचलायचा. आमची आजी तो हातोहात देत नसे. दिला तर भांडण होते म्हणे. तिचे कारण काही असो, पद्धत बरोबर होती. काम झाले की चाकू आजोबांच्या कपाटात. शाळेच्या दप्तरात तर कधीच नाही.

एवढे करूनही एखाद्या दिवशी कापणारच. तेव्हा वाहत्या नळाखाली जखम धुवावी, स्वच्छ फडक्याची घडी घट्ट दाबून धरावी आणि हात छातीच्या वर ठेवावा. घड्याळ लावून दहा मिनिटे. मधे "थांबले का" म्हणून उघडून पाहिले की पुन्हा पहिल्यापासून. बोटाच्या मुळाशी दोरी आवळू नये. हळद, चुना, कॉफी, तंबाखू, दगडीपाला यांपैकी काही भरू नये. हळदीशी माझे वैर नाही, पण ती जखमेत भरली की आत काय तुटले आहे ते मला दिसत नाही. बोटाचा तुकडाच वेगळा झाला तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. तो घेऊन मोठे रुग्णालय गाठावे.

धनुर्वाताबद्दलही गैरसमज आहे. त्याचे जंतू गंजातून निर्माण होत नाहीत. ते मातीत आणि शेणात असतात. गोठ्यात पडलेला नवा चकचकीत चाकूही तितकाच धोक्याचा. मुलाचे लसीकरणाचे कार्ड सोबत आणा. बाळपणीचे तीन डोस, दीड ते दोन वर्षांचा आणि पाच ते सहा वर्षांचा बूस्टर झाले असतील तर स्वच्छ लहान जखमेला शेवटच्या डोसनंतर १० वर्षांपर्यंत नवे इंजेक्शन लागत नाही. खोल किंवा माती लागलेल्या जखमेला ही मुदत ५ वर्षांची. १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची लस असतेच. ती चुकवू नका.

तळहाताच्या बाजूची जखम कितीही लहान असो, घरीच पाहून घ्या. हात सैल सोडला की सगळी बोटे थोडी वाकलेली राहतात, तर्जनी कमी आणि करंगळी जास्त. एखादेच बोट काठीसारखे सरळ राहिले तर बंध तुटला असे धरून चाला. मग बोटाचा मधला सांधा धरून ठेवा आणि फक्त शेवटचे पेर वाकवायला सांगा. बोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श करून दुसऱ्या हाताइतके कळते का ते विचारा. लहान मूल नीट सांगत नाही. पुढे टाके काढल्यावर ते बोट इतर बोटांबरोबर पाव तास पाण्यात बुडवून पाहावे. सगळ्यांना सुरकुत्या पडल्या आणि एकाच बोटाला पडल्या नाहीत तर त्याची संवेदनाशिरा तुटली असण्याची शक्यता आहे. यांतले काहीही आढळले तर हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे त्याच आठवड्यात जायचे असते. टाके घालताना किंवा काढताना डॉक्टरांनी बोट वाकवून पाहिले नाही, तर तुम्ही त्यांना तसे सांगा. मला सांगितलेत तरी चालेल.