मेगावॅट मोजावेत की तास?

गैरसमज : रत्नहळ्ळीला अणुकेंद्र आहे, म्हणजे म्हैसूरच्या घरांत तिथली वीज येते.

रत्नहळ्ळीत वीज तयारच होत नाही. तिथला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेअर मटेरियल्स प्लांट युरेनियम समृद्ध करतो. कर्नाटकातले अणुवीज केंद्र कारवारजवळ कैगाला आहे. तिथल्या चार भट्ट्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालतात, त्यांना समृद्ध युरेनियम लागतही नाही. म्हैसूरला वीज पोचते ती सामाईक ग्रिडमधून, आणि त्यात पाणी, कोळसा, वारा, ऊन, अणू असे सगळेच मिसळलेले असते.

गैरसमज : पावगडा २,०५० मेगावॅटचा, कैगा ८८० मेगावॅटचे, म्हणजे सौर प्रकल्प दुपटीहून मोठा.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मेगावॅट ही क्षमता झाली. बिल आपण युनिटचे भरतो. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड्याचे पॅनेल रात्री बंद, सकाळ-संध्याकाळ मंद आणि ढगांत अर्धवट चालतात. वर्षाची सरासरी काढली तर अशा प्रकल्पाच्या क्षमतेचा जेमतेम पाव हिस्सा हाती लागतो. २३ टक्के धरले तर वर्षाला सुमारे ४१० कोटी युनिट होतात. कैगा ८५ टक्क्यांनी चालले तर साधारण ६५० कोटी. कैगाची पहिली भट्टी तर २०१६ ते २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस न थांबता चालली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता आणि इंधन देशातलेच होते.

म्हणून सौरऊर्जा कमी लेखायची का? मुळीच नाही. २०२४-२५ मध्ये देशात उन्हापासून तयार झालेली वीज अणुविजेच्या दुपटीहून जास्त होती. पावगडा काही वर्षांत उभा राहिला. आपल्या महाराष्ट्रातल्या जैतापूर अणुप्रकल्पाचा करार २०१० चा, प्रकल्प ९,९०० मेगावॅटचा. तिथून अजून एक युनिट आलेले नाही. पावगड्याच्या सुमारे १३,००० एकर दुष्काळी जमिनीची मालकी शेतकऱ्यांकडेच राहिली आणि सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे ठरले. ही पद्धत मला मोलाची वाटते. मात्र त्याच जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराच्या हाती हे भाडे पडत नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

सौरवीज स्वस्त आहे हे खरे. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे युनिटला २.४४ रुपये बोली लागली. पण असा दर ऊन असतानाच्या विजेचा असतो. संध्याकाळी सातला तीच वीज हवी असेल, तर साठवणुकीचा खर्च त्यात धरावा लागतो. अणुविजेशी दराची तुलना करायची, तर ती याच ताळेबंदावर व्हायला हवी.

गैरसमज : जितके ऊन कडक, तितकी वीज जास्त.

पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. पॅनेल २५ अंशांच्या वर तापले की प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरवरच्या म्हैसूरची बेताची हवा म्हणूनच पॅनेलला मानवते. सारख्याच प्रकाशात, मे महिन्यात भाजून निघणाऱ्या चंद्रपूरपेक्षा इथले पॅनेल सरस ठरेल.

गैरसमज : अणुवीज जिवावर बेतते.

ही भीती चेर्नोबिल आणि फुकुशिमामुळे समजण्यासारखी आहे. पण हे दोन्ही अपघात धरूनही दर युनिटमागचे मृत्यू मोजले, तर अणू आणि सौर दोन्ही कोळशाच्या तुलनेत नगण्य ठरतात. कार्बनचेही तसेच. अणुकचरा दीर्घकाळ सांभाळावा लागतो, तो प्रश्न खराच आहे. जुन्या पॅनेलची विल्हेवाट लावण्याची व्यवस्थाही आपल्याला उभी करायची आहे.

गैरसमज : छतावर सोलर बसवले की लाइट जायची चिंता नाही.

ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये, म्हणून ही सोय असते. भर दुपारीही मग पंखा फिरत नाही. त्या वेळी वीज हवी असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या छतासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. बॅटरीचा खर्च मात्र वेगळा धरावा. गच्चीवर आधीपासून असलेला सोलर हीटर फक्त पाणी तापवतो. तेव्हा जागा मोजताना त्याची आणि टाकीची सावली नव्या पॅनेलवर पडत नाही ना, हे आधी बघा.