नाण्यावरचे खेळ : लेखांक ७ – अस्सल बोर्ड आणि नक्कल

गेल्या लेखांकात जुन्या व्हिडिओ गेमच्या पेटीचे लाकूड, त्याची वाळवी आणि त्याची ओल यांचा विचार झाला. आता पेटीच्या उदरात वसणाऱ्या बोर्डाकडे वळू.

जामनेरहून छोट्या गाडीने येणाऱ्या उतारूस मुंबईकडे जावयाचे तर पाचोऱ्यास उतरून, गाठोडी सावरीत मोठ्या गाडीत चढावे लागे, कारण दोन्ही रुळांचे माप निराळे. तद्वतच १९८५ पूर्वी ज्याच्या-त्याच्या बोर्डाची तारजोडणी निराळी असल्यामुळे एका कंपनीचा खेळ दुसरीच्या पेटीत सहसा बसत नसे. त्या वर्षी जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने ५६ टोकांची एकच जोडणी मुक्रर केली आणि पेटी तीच ठेवून बोर्ड तेवढा बदलण्याची सोय झाली. पेटीवर चित्र एका खेळाचे आणि आत नांदतो भलताच, असे पुष्कळदा आढळते ते यामुळे. संग्राहकाने याला लबाडी समजू नये. तो त्या धंद्याचा रिवाजच होता.

वीजपुरवठ्यातील आणि पडद्यामागील कंडेन्सरांचा शत्रू म्हणजे उष्मा. त्यांतला द्रव हळूहळू आटतो, तापमान दहा अंशांनी चढले की आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, आणि खानदेशातल्या वैशाखात पत्र्याच्या छपराखाली उभ्या राहिलेल्या पेटीची अवस्था काय होत असेल, हे येथील वाचकास सांगणे नलगे. चित्र कडेने आक्रसू लागले, थरथरू लागले, की गावातला जुना टीव्ही मेकॅनिक गाठावा. स्वतः हात घालू नये, कारण वायर काढल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार साचून राहू शकतो.

परंतु खरी मौज बॅटरीची आहे. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, जो आपल्याकडच्या मुलांनी त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला, त्याच्या अस्सल बोर्डावर एक लहानशी बॅटरी असते. नक्कल होऊ नये म्हणून ध्वनीची आज्ञावली सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेली; तिची किल्ली आणि चित्रमांडणीच्या काही नोंदी ज्या स्मृतीत राहतात, ती स्मृती या बॅटरीच्या जिवावर जगते. बॅटरी संपली की किल्लीही पुसली जाते, आणि एकही भाग जळालेला नसताना बोर्ड मुका होतो, चित्र विस्कटते. अलीकडे जाणत्या छंदिष्टांनी यावर उतारा शोधला आहे, हे खरे. पण नक्कल करणाऱ्यांनी मुळात कुलूपच टाळले, सबब त्यांच्या बोर्डांना बॅटरीची गरज उरली नाही. चोरांपासून रक्षण करण्यासाठी नेमलेला पहारेकरी धन्याच्याच जिवावर उठावा आणि चोर मात्र खुशाल राहावा, असा हा प्रकार!

आपल्या पार्लरांतून असे नकली बोर्ड पुष्कळ फिरले. शुद्धतावादी संग्राहक त्यांना नाक मुरडतात. मला ते मान्य नाही. आपल्या मुलांनी ज्यावर नाणी उधळली, तो खेळ पुष्कळदा हाच होता. भंगारवाल्याकडे असा बोर्ड दिसल्यास अवश्य उचलावा. आणि अस्सल म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली, तर आधी बॅटरी केव्हा बदलली ते विचारावे.