डोंगरातला मुक्काम : तंबू नव्हे, जागा पाहा!

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की हल्ली वस्तीतल्या घराघरांतून एकच हट्ट ऐकू येतो, "आम्हाला तंबूत राहायला न्या." हा हट्ट आम्हाला वावगा वाटत नाही. वर्षभर एका खोलीत पाच-सहा जणांनी दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांनी एक रात्र मोकळ्या आभाळाखाली काढली, तर ती चैन म्हणता येणार नाही. परंतु त्यासाठी जाणारा पैसा पगारातून किंवा भिशीतून येतो. शिवाय प्रश्न नुसत्या पैशांचा नसून लेकराबाळांच्या जिवाचा आहे. म्हणून मुक्कामाची जागा पारखून घेणे आवश्यक आहे.

पुणे-मुंबईकडच्या कुटुंबांना सोयीचा म्हणून पवन मावळाचे उदाहरण घेऊ. पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरावे आणि तिथून पवनानगरच्या रस्त्याला लागावे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले, मधे पवना धरणाचा जलाशय आणि भोवती उतरत्या टेकड्या. या जलाशयाच्या काठाने मुक्कामाच्या तंबूंची रांगच लागलेली असते. फोटोत सारेच तंबू सुंदर दिसतात. तेव्हा निवड करायची ती कशावरून?

आधी प्रकार समजून घेऊ. साधा कापडी तंबू सर्वांत स्वस्त. त्यात वाकून शिरावे लागते आणि जमिनीवर झोपावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजीला तो झेपत नाही. दुसरा प्रकार युर्ट. हे मूळचे मंगोलियाच्या गुराख्यांचे घर. ते त्याला गेर म्हणतात. लाकडी पट्ट्यांची जाळीदार गोल भिंत, वर लोकरीचे जाड नमदे आणि माथ्यावर झरोका. तिथल्या कडक थंडीसाठी ते उत्तमच. आपल्याकडे त्याच आकाराची कापडी खोली उभारतात. आत सरळ उभे राहता येते, खाटही मावते. पण एप्रिल-मे महिन्यात वरचा झरोका उघडत नसेल, तर आत भट्टी पेटल्यासारखे होते. तिसरा प्रकार कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर. महाराष्ट्र शासनाने त्यासाठी २०२१ मध्ये स्वतंत्र धोरण आणले. तिला सपाट व टणक जागा, रुंद रस्ता, विजेची जोडणी आणि सांडपाण्याची सोय लागते. आपल्या खिशाला ती सहसा परवडत नाही. दहा घरांनी मिळून भाड्याने घेतली, तरी एका वेळी झोपणार मोजकीच माणसे.

आमचे सांगणे असे, की प्रकार कोणताही निवडा, पण कापडाआधी जमीन पाहा.

पहिली गोष्ट उतार. मागे तुटका कडा किंवा ताजी माती उकरलेला डोंगर असेल, तर ती जागा नको. आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री झोपेतच गाडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांचे हे झाले. आपण तर एका रात्रीचे पाहुणे! म्हणून जून ते सप्टेंबर डोंगरातल्या तंबूचा विचारच सोडावा. भगवंतांचा भिक्खूसंघदेखील पावसाळ्यात चारिका थांबवून एका जागी वर्षावास करीत असे.

दुसरी गोष्ट पाणी. प्यायचे पाणी कुठून येते, हे आधी विचारा. जलाशय पाहायला शांत असला, तरी आत गाळ आणि एकाएकी खोल होणारा तळ असतो. मुलांना त्यात उतरू देऊ नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाणी वाढायला काही क्षण पुरतात. तंबू पाण्यापासून दूर, थोड्या उंचवट्यावर असलेला बरा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर कधीच नको.

तिसरी गोष्ट शौचालय. एका ठिकाणी पन्नास माणसांत दोनच संडास आणि एकाला आतून कडीच नाही, असे आम्ही पाहिले. रात्री बायाबापड्यांनी जायचे कुठे? किती संडास, पाणी आहे का, वाटेवर दिवा आहे का, हे फोनवरच विचारावे. विचारताना संकोच कशाला?

चौथी गोष्ट हवा. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅसच्या हीटरमुळे असेच गेले. त्यांत चार मुले होती. जास्तीची एक घोंगडी सोबत नेणे केव्हाही शहाणपणाचे.

पाचवी गोष्ट परतीची वाट. रात्री विंचू चावला, पोट बिघडले, तर गाडी तंबूपर्यंत येते का? फोनला रेंज आहे का? १०८ ची रुग्णवाहिका पोहोचू शकते का? जवळचे सरकारी रुग्णालय कोणते? जो मालक ही उत्तरे चटकन देतो, त्याची जागा बहुधा बरी असते.

आता हिशेब. आम्ही कारकुनी पेशातले. पावतीवाचून आमचे पान हलत नाही. समजा, माणशी दर १,००० रुपये सांगितला. नवरा-बायको, आजी आणि दोन मुले मिळून ५,००० झाले. मुलांना अर्धा दर आहे का, एवढे विचारले आणि 'हो' आले, तर ४,०००. एका प्रश्नाने हजार रुपये वाचले! जेवण, नाश्ता, प्यायचे पाणी त्यात धरले आहे का, हेही लिहून घ्या. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका.

आणि मुक्काम पवन मावळात असेल, तर कामशेतजवळच्या बेडसे लेण्यांना मुलांना अवश्य न्या. तिथे खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. एका टाक्यावर सामडिनिका नावाच्या स्त्रीने ते दान दिल्याचा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या निवासासाठी ही जागा घडवणाऱ्यांनी चैत्य कोरला, विहार कोरला, तसे पाणीही कोरून ठेवले. राहण्याची जागा कशी असावी, याचा धडा याच डोंगरात आहे. तंबूवरच्या रंगीत दिव्यांच्या माळा पाहून भुलण्यापूर्वी मालकाला पाण्याचा प्रश्न विचारा. आणि तो प्रश्न घरातल्या मुलीला विचारायला लावा. म्हणजे उद्या ती कुठेही गेली, तरी विचारल्याशिवाय राहणार नाही.